पाव्हणीची खुर्ची

सप्ताह संपला की गावजेवण. त्याची रीत ठरलेली होती. ज्वारी सगळ्यांकडून गोळा व्हायची, जिवनबाईच्या गिरणीत दळली जायची, पीठ घरोघर वाटलं जायचं आणि प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या भाकऱ्या थापून पारावर आणून द्यायचं. प्रत्येक घर म्हणजे जिवनबाईचं सोडून.

तिचा लेक देविदास बंजाऱ्यांच्या तांड्यावरून गावात आला, जागा घेतली, गिरणी टाकली, त्याला काही वर्षं झाली होती. गावानं त्यांना वाईट वागवलं असं कुणी म्हणणार नाही. जिवनबाईच्या मनातल्या हिशेबात जमेच्या बाजूला दरसालची पहिल्या रांगेतली लाल खुर्ची होती, शाल होती, नारळ होता. वजा बाजूला एकच रक्कम होती, न आलेलं पीठ. तिकडं गावजेवणाचा स्वयंपाक बघणाऱ्या चतुराबाईला ना खुर्ची ना शाल. ती चुलीपाशी घाम पुसत इतर बायांच्या भाकऱ्यांना नावं ठेवायची, बाया तिला उलट ऐकवायच्या, आणि हसू थेट खुर्चीपर्यंत यायचं. जिवनबाई नारळ मांडीवर घेऊन ते ऐकत बसायची.

यंदा सरपंच विजयकुमार तालुक्याच्या बैठकीतून एक नवा शब्द घेऊन आला होता आणि नवं ट्रॅक्टर फिरवावं तसा तो गावभर फिरवून राहिला होता. दळणाच्या दिवशी तो गिरणीतही आला.

"मावशी, आपलं गाव आता सर्वसमावेशक. तुमचा समावेश पहिल्या नंबरला. खुर्ची सांगून ठेवलीय."

"समावेश म्हंजी काय रं बापू?"

"म्हंजी सगळ्यांना आपल्यात धरायचं."

"मंग चतुराबाईची खुर्ची कुठं हाय?"

"त्यांना काहून खुर्ची? त्या तर घरच्याच."

"आन मी?"

विजयकुमारनं तोंड उघडलं, पण गिरणीचा आवाज फार होता असं त्यानं ठरवलं आणि तो निघून गेला.

पीठ न्यायला आलेल्या चतुराबाईनं पोती डोळ्यांनीच तोलली. "जिवनबाई, कमी दिसून राहिलं."

"पायलीभर मी ठिवून घेतलं. माझ्या घरचं."

"तुमाला काहून तकलीफ? तुमी आपलं आरामात बसा."

"बसून बसून कंबर धरली, बाई."

चतुराबाईनं पोत्याचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाली, "येळंवर आणा म्हंजी झालं. थंड भाकरी मी घेत नसते." आणि पोतं उचलायला वाकली. जिवनबाईनं दुसरं टोक धरलं.

घरी तिनं थापायला घेतलं, पण हात तांड्यावरचा. तांड्यावर भाकरीला बाटी म्हणतात आणि ती अंमळ जाडच असते. देविदास म्हणाला, "याडी, पातळ कर. गाव नावं ठिवंल."

"ठिवू दे की," जिवनबाई म्हणाली. नावं ठेवली तर चालणार होतं. गप्प बसून, हात जोडून, भाकरी बाजूला सारली तर काय करायचं?

पारावर सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच टोपलीत पडल्या. पंगत बसली. तोंडात तीनच दात उरलेल्या ग्यानबानं एक भाकरी उचलली, वाकवून पाहिली. ती वाकेना.

"ही कोणाची म्हणायची? हिच्यावर घर बांधता येईल."

पंगतीतल्या माना जिवनबाईकडं वळल्या. विजयकुमार धावत आला. "फार छान भाकरी हाय, मावशी. एकदम सुंदर."

जिवनबाईचा चेहरा पडला. पुन्हा शालच आली म्हणायची.

चुलीकडून चतुराबाईचा आवाज आला. "सुंदर काय सुंदर? जाडच हाय ती. जिवनबाई, कोणी शिकवलं तुमाला थापाया?"

जिवनबाईनं पदर खोचला. "माझ्या सासूनं. आन दात ग्यानबाचे पडले, दोष माझ्या भाकरीचा व्हय?"

आधी ग्यानबाच हसला आणि मग पंगत फुटली. त्यानं भाकरी आमटीत बुडवली, पुरती भिजू दिली, खाल्ली आणि आणखी एक मागितली. "भिजल्यावर चांगली लागते. टिकाऊ हाय."

"आता तिथं उभ्या काय राहिल्या?" चतुराबाई ओरडली. "टोपलं घ्या, वाढा. आन पुढच्या साली पातळ थापा."

"तुमच्यासारखी? ती तर वाऱ्यानं उडती."

दुपारभर जिवनबाई वाढत राहिली. लाल खुर्चीवर भाकऱ्यांची टोपली होती आणि त्या गरम राहाव्यात म्हणून टोपलीवर सत्काराची शाल घातलेली. विजयकुमारला भाषणासाठी बसायला जागा मिळाली नाही, म्हणून त्यानं भाषण आवरतं घेतलं.