कोपरा कापलेला पिवळा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. थांबा मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. अंग पुसायचा टॉवेल नव्हे मी, गाडी पुसायचा. तुमचे अंग कसेही खसाखसा पुसले तरी चालते. काळ्या चकचकीत गाडीवरचे पाणी मात्र एकही ओरखडा न उठवता टिपावे लागते, आणि ते येरागबाळ्याचे काम नाही.

माझा जन्म कापसातून झाला नाही. एका कारखान्यात यंत्राने वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा काढला, मग त्या धाग्याचेही चिरून तंतू केले, तुमच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. त्या तंतूंच्या फटींमध्ये पाणी आपणहून शिरते आणि धूळ जाऊन बसते. ते का शिरते, त्याला आत कोण बोलावते, हे कोडे मला पहिल्या थेंबापासून पडले आहे. दर वेळी ओला होताना मी ते निरखून पाहतो. अजून पुरते सुटलेले नाही.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो. तिथे गाड्या धुऊन, पॉलिश करून नव्यासारख्या केल्या जात. दुकान बहीण-भावाचे होते. भाऊ गाड्या धुई, पॉलिशचे काम ताईकडे. ताईचे नियम कडक. निळे टॉवेल काचेला, पिवळे रंगाला, करडे चाकांना. जो टॉवेल जमिनीवर पडला तो धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लागायचा नाही, कारण त्यात शिरलेला एवढासा खडाही रंगावर रेघ ओढतो. आम्हाला ती वेगळे धुई, थंड पाण्यात, थोड्याशाच पातळ साबणाने, आणि सावलीत वाळवी. मी पिवळ्यांमधला सर्वांत जाड. अवघड गाडी आली की ताई म्हणे, "माझा हुकमी एक्का द्या रे." हे ऐकले की मी दोरीवर उगाचच थोडा जास्त हलत असे. वाऱ्याने हललो असे इतरांना वाटे.

दुकानाच्या वर घर होते. तिथे भावाची बायको राही. तिला सगळे छकुलीची आई म्हणत, कारण छकुली सहा महिन्यांची झाली तरी तिच्या आईला दुसरे काही म्हणायला कोणाला सवड मिळाली नव्हती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली ही मुलगी बाळ झोपले की दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरून पाही, आणि गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत जाई. दुकानातले एखादे काम आपल्याही हातात असावे, असे तिला फार वाटे. एके दिवशी तिने धीर करून ताईला विचारले, की टॉवेल वरच्या मशीनमध्ये मी धुऊ का.

ताई म्हणाली की महिनाभर बघू, नाही जमले तर लाँड्रीत टाकू. "आणि वेगळे धू. फार लाड करू नकोस."

पहिली गोष्ट तिने पाळली. दुसरी तिला गंमत वाटली.

मित्रांनो, त्या घरात माझे झाले तितके लाड कोणत्याच टॉवेलचे झाले नसतील. छकुलीच्या दुपट्यांसारखे तिने आम्हाला उकळत्या पाण्यात बुडवले, म्हणजे एकही जंतू उरायला नको. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे सुगंधी कंडिशनर घातले, तेही झाकणभर जास्तच. त्यानंतर घड्या सरळ बसाव्यात म्हणून वरच्या सहा टॉवेलांवर इस्त्री फिरवली. त्या सहांत मी होतो. इस्त्री माझ्या एका कोपऱ्यावर जरा जास्तच रेंगाळली, कारण तेवढ्यात छकुली शिंकली आणि आईचे लक्ष तिकडे गेले. त्या कोपऱ्यात काहीतरी वितळल्यासारखे झाले. पण बाकी अंगाला फुलांचा वास येत होता आणि मी इतका गुळगुळीत कधीच नव्हतो, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची काळी गाडी आली. हे डॉक्टर दातात अडकलेला कण शोधावा तसे गाडीवर डाग शोधत. चार वाजता त्यांना ती घेऊन बाहेरगावी निघायचे होते. बारा वाजता भावाने गाडी धुऊन दिली आणि ताईने एक पिवळा टॉवेल बॉनेटवर पसरून ओढला.

पाणी टिपलेच जाईना. पुढे ढकलले गेले, आणि मागे तेलकट पट्टे उरले. ताईने दुसरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाची तीच तऱ्हा. तिने एक टॉवेल नाकाशी नेला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. छकुलीची आई बाळाला कडेवर घेऊन खाली आली.

ताई ओरडली नाही, ते जास्त वाईट. ती म्हणाली, "एवढी शिकलेली तू. यांना अत्तर लावून कुठे लग्नाला पाठवायचं होतं का?" मग भावाकडे वळून तिने लाँड्रीवाल्याचा नंबर विचारला.

छकुलीच्या आईचे डोळे भरले, पण रडण्याआधी तिला प्रश्न पडला, आणि प्रश्न पडला की ती रडायचे विसरते, हे मी तेव्हा पाहिले. तिने भांडेभर पाणी मागितले. बोट बुडवून एक थेंब एका पिवळ्या टॉवेलवर सोडला. थेंब मोत्यासारखा वरच गोल बसून राहिला. कपाटातून एक कोरा टॉवेल काढून त्यावर दुसरा थेंब सोडला. तो दिसायच्या आधीच नाहीसा झाला. छकुलीही वाकून बघत होती, कुठे गेला म्हणून.

"हे पाणी पीतच नाहीयेत," ती स्वतःशीच म्हणाली. कंडिशनर केसांवर बसते तसा त्याचा निसरडा थर आमच्या तंतूंवर बसला होता आणि सगळ्या फटी बुजल्या होत्या. मऊपणा म्हणून ज्याचा मला तोरा होता, ते खरे तर माझे तोंड बांधलेले होते.

तिने ताईला एवढेच सांगितले की तीन वाजेपर्यंत वेळ द्या. ताईने घड्याळाकडे पाहिले, कपाटात उरलेले दोनच कोरे निळे टॉवेल उचलले आणि काच पुसायला घेतली. वर आम्ही कोमट पाण्यात पडलो. त्यात तिने पांढरे व्हिनेगर ओतले होते. नाक झिणझिणले. अर्ध्या तासाने थोडा साबण, आणि मग नुसते पाणी, पुन्हा पाणी, हाताला निसरडे लागेनासे होईपर्यंत. मशीनने पिळल्यावर पंख्याखाली दोरीवर. अंगावरचा एकेक पदर सुटत होता आणि मला पुन्हा तहान लागू लागली होती. तहान इतकी आनंदाची असू शकते, हे तोवर माहीत नव्हते.

तिने एकेकावर थेंब सोडून पाहिला. थेंब आत गेले. मग छकुलीचे नवे कपडे ती जसे आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघे, तसे तिने आम्हाला फिरवले. माझ्या कोपऱ्याशी तिचा हात थबकला. तिथे मी खरखरीत, टणक झालो होतो. इस्त्री फिरलेल्या बाकी पाचांचेही कुठे ना कुठे तेच. हे कशानेही दुरुस्त होणारे नव्हते. आणि इस्त्रीचे खाली कोणालाच ठाऊक नव्हते. तिने आम्हा सहांना चळतीच्या तळाशी ठेवले आणि काही न बोलता चळत खाली नेली.

ताईने थेंब टाकून पाहिला, मान डोलावली, भावाकडून गाडी पुन्हा धुऊन घेतली आणि कामाला लागली. दरवाजे झाले, छत झाले. बॉनेट शेवटचे. "माझा एक्का कुठाय?" म्हणत तिने तळाशी हात घातला आणि मला ओढून काढले. मी काळ्या रंगापासून वीतभर अंतरावर होतो. रंगात मला माझाच पिवळा चेहरा दिसत होता, आणि तो टणक कोपराही.

"ताई, तो नको," छकुलीची आई म्हणाली. "मी त्याला इस्त्री केलीये. रंगावर रेघा उठतील."

ताईने मला उचलून कोपरा अंगठ्याने चाचपला. "टॉवेलला इस्त्री. उद्या चाकांना मोजे घालशील." मग चळतीकडे पाहत, "किती आहेत असे?"

"सहा. सगळे माझ्याच हातून झालेत."

ताईने खणातली कात्री काढली आणि छकुलीच्या आईच्या हातात दिली. आमच्या दुकानात रंगाला चालेनासा झालेल्या टॉवेलचा कोपरा कापून ठेवतात, म्हणजे घाईत कोणी चुकून उचलू नये. तो टणक कोपरा तिने स्वतः कापला. हुकमी एक्का होतो, एका कचकन आवाजात चाकांचा झालो. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. पण ती गप्प राहिली असती तर काळ्या रंगावर जी रेघ उठली असती, ती माझ्या हातून उठली असती.

चारला डॉक्टर आले. गाडीभोवती तीन वेळा फिरले, उन्हात वाकून तिरपे पाहिले आणि "ठीक" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार झाले.

संध्याकाळी ताई ओल्या टॉवेलांची टोपली घेऊन स्वतः जिना चढली. लाँड्रीचे काय झाले, असे छकुलीच्या आईने घाबरत विचारले. ताई म्हणाली, "लाँड्रीवाला माझा हात धरून सांगेल का, हा टॉवेल नको म्हणून?" टोपली तिने दारात ठेवली आणि छकुलीला उचलून घेतले.

आता मी चाकांकडे असतो. इतकी वर्षे मी गाडीचा फक्त चेहरा पाहिला होता. चाकाच्या आत काय काय असते म्हणून सांगू! डांबराचे ठिपके, ब्रेकची काळी पूड, कुठल्या कुठल्या रस्त्यांची माती. प्रत्येक मातीचा रंग वेगळा. ही कुठली असेल, याचा विचार करण्यात दिवस कसा जातो कळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याला कापसाच्या कपड्यांत मिसळू नका, त्यांचे धागे त्याला चिकटतात. उकळू नका, इस्त्री दाखवू नका, आणि सुगंधाचे लाड तर मुळीच नकोत. माया करा, पण त्याला काय लागते ते आधी बघा. धुऊन झाला की त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. आत गेला तर तो खुशाल आहे. वरच थरथरत बसला, तर त्याला निकामी म्हणून फेकू नका. शेवटच्या पाण्यात आपण काय ओतले होते, तेवढे आठवून बघा.