थांबणारा प्रोग्राम

"तुमचा प्रोग्राम परत थांबला हो!" रमाबाईंचा आठवड्यातला नववा फोन.

"रमाबाई, तो थांबला म्हणजे त्याने त्याचं काम केलं."

"काम केलं तर रिपोर्ट कुठाय?"

आता यांना काय कप्पाळ समजावू?

साल १९९५. रमाबाई कल्याणच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायच्या. ठाण्यातल्या आमच्या चार माणसांच्या कंपनीत मी त्या लॅबसाठी कुलपाचा प्रोग्राम लिहिलेला. एड्सचे रिपोर्ट फ्लॉपीवर कुलूपबंद जायचे आणि फक्त डॉक्टरांकडच्या गुप्त किल्लीने उघडायचे. कंपनीच्या मालकांना, परशुराम सरांना, तो सी भाषेत हवा होता, कारण सी वेगवान आणि जो तो सीच शिकत होता. मी भांडून पास्कल घेतली. पेशंटच्या नावाला मी तीस अक्षरांची जागा दिलेली. सीमध्ये नाव लांबलं की उरलेली अक्षरं मुकाट्याने शेजारी घुसतात, आणि शेजारीच तर कुलूप लावायची तीच किल्ली ठेवलेली. पास्कलचा पहारा कडक. जागा संपली की ती थांबते.

पण रमाबाईंना आखूड नाव लिहिणं जमेना. "कोलशेतला चार धाकू कोळी आहेत. नुसतं धाकू लिहून कोणाचा रिपोर्ट कोणाला जायचा?" म्हणून त्या लिहायच्या, धाकू पोशा कोळी उर्फ बाळ्या, वेशीजवळचा, कोलशेत. त्यांचं चुकत होतं असंही नाही, म्हणून जास्तच संताप यायचा.

नवव्या फोनला माझं डोकं फिरलं. जागा वाढवायची तर अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहायला हवा. पहारा बंद करायला एक ओळ पुरे. सर मागे येऊन उभे. "अगं मंजुळा, टाक ना बंद करून. गिऱ्हाईक ओरडतंय."

मी बंद केला. मीच. नवी फ्लॉपी कल्याणला गेली आणि रमाबाईंचे फोन बंद झाले. सर खूश.

चार दिवसांनी कोलशेतच्या डॉक्टरांकडे धाकूचा रिपोर्ट उघडेना. नावाच्या शेपटाने किल्लीच पुसून टाकलेली. डॉक्टरांनी सरळ लॅबला फोन लावला. लाइन खरखरत होती म्हणून रमाबाई ओरडून बोलल्या, आणि खात्री करायला डॉक्टरही तेवढ्याच जोरात ओरडले, "धाकू पोशा कोळी, बाळ्या, वेशीजवळचा? पॉझिटिव्ह?"

दवाखान्याबाहेर बाकावर अर्धा कोळीवाडा औषधासाठी बसला होता.

हे मला दवाखान्याच्या कंपाउंडरने सांगितलं, मी प्रोग्राम दुरुस्त करून तिथे गेले तेव्हा. नाक्यावर मासे विकत बसलेली धाकूची बायको सखुबाईही त्यानेच बोट करून दाखवली. बाकीच्या कोळणींच्या पाट्या रिकाम्या होत आलेल्या, हिची भरलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला म्हणून गेले आणि तोंडातून निघालं, "दोन बोय द्या."

तिने वर्तमानपत्राचा कागद हाताला गुंडाळला, कागदानेच मासे उचलले आणि माझ्या पिशवीत सोडले.

"घे बाय," ती म्हणाली. "हात नाय लावला मी."