लाटेचं शेपूट

"हे शेपूट काप," नवरा पडद्यावर बोट आपटत म्हणाला.

"का? तुला टोचतंय?"

"आलेख टकरीपाशी थांबव. पुढचं कुणी बघत नाही."

पुढचंच तर बघायचं होतं. दोन लाटा एकमेकींवर आदळतात आणि जशाच्या तशा पलीकडे निघून जातात, अशा एका समीकरणाचं त्यानं नवं रूप बनवलं होतं. त्याची अचूक उकल सापडल्याचा डांगोरा विभागभर पिटूनही झाला होता. तिनं ती उकल संगणकावर चालवली, तर टकरीनंतर दोन्ही लाटांमागे बारीक थरथर रेंगाळत होती. अचूक उकलीत असलं काही उरत नाही.

लग्न झाल्यापासून हेच. तो करतो ते संशोधन, ती करते ती तपासणी. विभागातले विद्वान तिला 'सरांचा कॅल्क्युलेटर' म्हणत आणि स्वतःच खिदळत. तिची नोकरी अजून कंत्राटी. दोघांच्या नावानं छापायच्या या शोधलेखावर त्याची बढती अडकली होती, आणि तिचं कायम होणंही.

"संगणक चुकला असेल."

"तू चुकलायस." तिनं कागद त्याच्यापुढे टाकला. "इथे गुणाकाराचा क्रम उलटा केलास. तुझ्या या बीजगणितात क्रम बदलला की क्यू नावाच्या त्या संख्येनं गुणावं लागतं. नियम तुझाच, आणि तूच गिळलास. शाळेतल्या गुणाकाराची सवय सुटत नाही अजून!"

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"झाला महिना. क्यू घातला की सगळी उकलच कोसळते. मग काय करू, घरी बसू?"

"आणि मला महिनाभर राबवलंस?"

"वाटलं, तू सांभाळून घेशील. नेहमी घेतेस."

ती खुर्ची ओढून बसली. लेख उघडला आणि आपण काढलेला आलेख अख्खाच काढून टाकला.

"अगं, वेडी आहेस का? आलेखाशिवाय कोण छापेल?"

"सिद्ध केलंयस ना? मग छापतील की."

"तुझ्या नोकरीचं काय? जन्मभर कंत्राटावर सडशील!"

"सडेन. तुझ्या थापेखाली सही नाही करणार."

तो हात धरायला पुढे आला. तिनं नुसतं वर बघितलं. तो थबकला.

मग ती पहिल्या पानावर गेली आणि त्याच्या नावाखालचं आपलं नाव पुसलं. खालचा मजकूर आपोआप एक ओळ वर सरकला. रिकामी जागासुद्धा उरली नाही.