चाळीस बायका, एक बिल्ला

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शर्टाच्या कारखान्यातली काजवाली मशीनवर कोसळली. शेजारच्या कॉलरवालीने तिला सावरलं, तेव्हा हाताला ओलं लागलं. लघवीचा वास सुटला. पलीकडच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

ओळीत बायका चाळीस आणि बिल्ला एक, पत्र्याचा, मळक्या दोरीचा. तो गळ्यात असेल तिनेच संडासला जायचं आणि चार मिनिटांत परतायचं. वेळ मोजणाऱ्या मुकादमाला बायका घड्याळकाका म्हणत. काजवालीने सकाळपासून तीनदा हात वर केला होता. तिन्ही वेळा काका म्हणाले, "बिल्ला बाहेर गेलाय."

कॉलरवालीची सासूही याच ओळीत बावीस वर्षं बसलेली. सुनेला कामावर धाडताना तिने एकच अक्कल शिकवली, "सुट्टी होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालू नकोस." आता सासू आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. तरी कॉलरवालीने महिन्यापूर्वी हीच अक्कल नव्या काजवालीला दिली होती. ते आठवलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

पण याच सोमवारी कर्मचारी कल्याणाच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना निळ्या बाटल्या वाटल्या. बाटलीवर छापलं होतं, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' फोटो निघाले. बिल्ला एकच राहिला. काजवाली नवखी पोर. ती खरंच पाणी प्यायली.

तिला रुग्णालयात नेल्यावर अर्ध्या तासात मॅडम कागद घेऊन कॉलरवालीकडे आल्या. नाकाला रुमाल होता.

"मुलगी घरूनच आजारी आली होती, एवढंच लिहिलंय. साक्षीदार म्हणून सही करा, ताई."

"आजारी नव्हती, मॅडम. तिला लागली होती."

"अहो, चारचौघांत काय बोलता हे!"

"झालं ते चारचौघांतच की."

घड्याळकाका पुढे सरकले. "कॉलरी तुंबल्यात. सही कर आणि बस गुमान. घरी दुखणाईत माणूस आहे ना तुझ्या? नोकरी गेली तर?"

"आहे ना. तुमच्याच ओळीतून दुखणं घेऊन आलंय ते, काका. तेव्हाही घड्याळ तुमच्याच हातात होतं."

तिने कागद सरकवून दिला. निळी बाटली उघडली आणि उभ्यानेच, मॅडमकडे बघत, तळाशी थेंब न ठेवता रिकामी केली. मग खुंटीवरच्या बिल्ल्याला हात न लावता दाराकडे चालू लागली.

"ए! बिल्ला!" काका ओरडले.

ती थांबली नाही. मागे एक मशीन बंद झालं. मग आणखी एक.

संध्याकाळी सहापर्यंत कागदावर सही झालेली नव्हती. उद्या दहा वाजता कॉलरवालीला कार्यालयात बोलावलं आहे. काजवाली शुद्धीवर आली आहे. नर्स दर तासाला पेला पुढे करते. ती अजून पाणी प्यायला तयार नाही.