चिमीचं लायसन

जोहे गावच्या बाबाजीला संशय घ्यायला कारण लागत नसे. दूधवाल्यावर संशय, वीजमीटरवर संशय. सख्ख्या भावानं लग्नाची पत्रिका दिली तरी हा ती पाठपोट वाचणार. गणपती घडवण्यात हात मात्र सोन्याचा.

विश्वास एकाच जिवावर, चिमीवर. लाल तोंडाची एक माकडीण त्याच्या गणपतीच्या कारखान्यामागच्या विजेच्या तारांना चिकटून मेली, तेव्हा तिच्या पोटाशी बिलगलेलं पिल्लू बाबाजीनं उचलून आणलं, बाटलीनं दूध पाजून वाढवलं. बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढीच होती.

मग कोणीतरी कानावर घातलं, माकड पाळणं गुन्हा आहे, वनखातं उचलून नेतं. बाबाजीला घास गोड लागेना. रामवाडीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारा जितेश म्हणाला, "काका, परदेशी माकडांची नोंदणी होते ना, तशी चिमीची करू. लायसन आणून देतो. फक्त रोह्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावी लागंल. मी येतो न्यायला."

न्यायला? बाबाजीनं कान टवकारले. चिमी ह्याच्या हाती द्यायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! हा नक्की विकणार तिला.

त्यानं शाडू मळला. दोन दिवसांत मातीची चिमी केली, रंगवली, डोळेसुद्धा आखले. करंडीत घालून वर फडकं घट्ट बांधलं.

"झोपलीय. उघडू नको, चावंल," त्यानं जितेशला बजावलं.

संध्याकाळी करंडी जशीच्या तशी परत आली, सोबत शिक्क्याचं लायसन. "डॉक्टरांनी समक्ष तपासली, काका. दात चांगले हायत. लस टोचली तेव्हा जरा ओरडली."

बाबाजीला हसू दाबता आलं नाही. चोर सापडला होता! दुसऱ्याच दिवशी करंडी मांडीवर घेऊन तो बसनं रोह्याला वनखात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या अनिता नावाच्या वनरक्षक बाईपुढं त्यानं लायसन ठेवलं, फडकं सोडलं आणि सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. अख्खी कचेरी पोट धरून हसली. इतका मान त्याला कधीच मिळाला नव्हता.

अनितानं डोळे पुसले. "शिक्का खोटा हाय, काका. आपल्याकडच्या माकडाचं लायसन कोणालाच मिळत नाय. त्या जितेशकडं बघतो आम्ही." मग तिनं मातीच्या चिमीवरून बोट फिरवलं. "हे मातीचं. खरं कुठाय?"

बाबाजीनं करंडी मागं ओढली. "खरं... नायच."

"मग लायसन कोणासाठी काढत होता?"

जन्मभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेणारा बाबाजी करंडीचं फडकं पुन्हा बांधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची जीप जोह्यात आली. बाबाजीनं अनिताचं ओळखपत्र दोनदा वाचलं. जीपमधल्या पिंजऱ्याची कडी हलवून बघितली. कुठं ठेवणार, कोण बघणार, खायला काय देणार, सगळं विचारलं. तिनं नीट सांगितलं, पण त्याला त्यातलं काहीच पटेना.

चिमीनं काही विचारलं नाही. अनितानं हात पुढे केला, तशी ती उडी मारून तिच्या कडेवर जाऊन बसली. परक्या माणसाला भ्यायचं असतं, हे बाबाजीनं तिला कधी शिकवलंच नव्हतं. तो कारखान्याच्या उंबऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडला.