मधल्या तीन फळ्या

मित्रांनो, महायुद्धानंतरची अमेरिका माझ्या पायांवर उभी राहिली आहे. म्हणजे चारपैकी तीन पायांवर. मागचा डावा जन्मापासूनच पाव इंच आखूड आहे.

मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. मेपलचं लाकूड, कडेला साधी गोलाई, नक्षीबिक्षी काही नाही. वय पाऊणशेच्या पुढे. या वयात माणसं बसून असतात आणि इतर लोक त्यांच्यासमोर खुर्च्या ओढून बसतात. मला मात्र अजून उभंच राहावं लागतं. तक्रार नाही. थकलो आहे, एवढंच.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात झाला. युद्ध चालू असेपर्यंत तिथे बंदुकांचे दस्ते बनत. युद्ध संपल्यावर मालकाने टेबलं काढायला घेतली, सुतार मात्र तेच ठेवले. दस्त्याला पाय नसतात. पायांचा अंदाज यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि नेमक्या त्या वेळात मी बनलो.

पण माझ्यात एक करामत होती. दोन्ही टोकांनी धरून ओढलं की मी मधोमध उघडतो आणि त्या फटीत फळ्या बसतात. नुसता मी चौघांचा. एक फळी घातली की सहा माणसं, दोन घातल्या की आठ, तिन्ही घातल्या की दहा, आणि कोपर सांभाळणारी असली तर बारा.

मला घरी आणलं वॉल्टर बॉयरने. तो युद्धावरून नुकताच परतला होता. सरकार सैनिकांना घरासाठी सवलतीचं कर्ज देत होतं, म्हणून त्याने एका ओळीतल्या तीस एकसारख्या घरांपैकी एक घेतलं. एकसारखी म्हणजे किती? एकदा दमूनभागून आलेला वॉल्टर शेजाऱ्याच्या घरात शिरला, जेवायला बसला, बटाटे वाढून घेतले, आणि टेबल डुगडुगत नाही हे लक्षात आल्यावर उठून आपल्या घरी आला. माझा पहिला उपयोग तो.

मग मुलं झाली. थोरली मार्लीन, तिच्या पाठीवर टेड, मग आणखी तिघं. नऊ वर्षांत पाच. यात वॉल्टरच्या बायकोने, हेलनने, काही विशेष केलं असं कोणी मानलं नाही. आमच्या गल्लीत त्या काळी सडपातळ माणूस म्हणजे फक्त पोस्टमन. अठरा-एकोणीस वर्षं देशभर हेच चालू होतं. साडेसात कोटींच्या वर पोरं आली. माझ्यात एक फळी बसली, दुसरी बसली, तिसरी बसली.

तुम्ही लग्नातली पंगत पाहिली असेल. ही पिढी म्हणजे एक अवाढव्य पंगत होती. ती जिथे बसली तिथे वाढपी कमी पडले. तिला दुपटी लागली तेव्हा दुपट्यांचे कारखाने निघाले, सायकली लागल्या तेव्हा सायकलींचे. ती शाळेत गेली तर वर्ग पुरेनात. अर्धी मुलं सकाळी आणि अर्धी दुपारी. मार्लीन सकाळच्या पाळीत, टेड दुपारच्या. मग कॉलेजं पुरेनात, मग नोकऱ्या, मग घरं. देश आयुष्यभर तिच्यामागे पातेली घेऊन धावत राहिला. आणि ती ज्या जागेवरून उठली, तिथे पुढच्यांसाठी रिकाम्या खुर्च्या आणि खरकटं.

हे मला कसं ठाऊक? देशात जे होतं त्याचा कागद आधी जेवणाच्या टेबलावर येऊन पडतो. शाळेच्या पाळ्यांचा आला, कॉलेजांचे आले, आणि टेडला व्हिएतनामच्या लढाईसाठी बोलावणारा आला. तो कागद दोन दिवस मिठाच्या बरणीखाली होता. कोणी उचलायला तयार नव्हतं.

टेड परत आला. हातपाय शाबूत. पण त्यानंतर तो कधी बसून जेवला नाही. ताटली हातात घेऊन ओट्याशी उभा राहायचा, दाराकडे तोंड करून. त्याची खुर्ची माझ्याजवळ तशीच. तो आला त्या रात्री सगळे माझ्याशी बसले आणि खाली मान घालून जेवले. त्याला कोणी काही म्हटलं नाही.

मग मुलं एकेक करून गेली. तिसरी फळी निघाली, दुसरी निघाली, पहिलीही निघाली. तिन्ही कोटांच्या कपाटात, अंधारात उभ्या राहिल्या. मार्लीन तेवढी राहिली. ती शाळेत शिकवायची. सुरुवातीला तिच्या वर्गात चाळीस मुलं होती. पुढे मुलं कमी होत गेली आणि ती निवृत्त होण्याआधी शाळाच बंद पडली. आईवडिलांचं सगळं तिनेच केलं. दर रविवारी चर्चमध्ये आणि दर मंगळवारी ब्यूटी पार्लरमध्ये ती एकच गोष्ट सांगायची: आमच्या घरी रोज सहाच्या ठोक्याला सातही जण या टेबलाशी बसायचे. मी टेबल आहे. मध्ये बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला वृद्धांच्या वसाहतीत खोली मिळाली. दोन वर्षं नंबर लावून होती. ज्यांच्याबरोबर बालवाडीच्या रांगेत उभी होती, तेच सगळे याही रांगेत पुढेमागे. खोली एवढीशी. तिने चारही भावंडांना फोन केले. चौघांकडेही बारा माणसांची टेबलं आहेत आणि प्रत्येकी दोन माणसं. धर्मादाय दुकानवाल्याने लांबूनच सांगितलं, "असलं जुनं तपकिरी फर्निचर आम्ही घेत नाही." पण मार्लीनने मनाशी ठरवलं होतं: जिथे माणसं बसून जेवतील त्या घरीच मला द्यायचं. नाहीतर भंगाराचा ट्रक.

तिची जाहिरात वाचून दोन विद्यार्थी आले. अवधूत नागपूरचा, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. निमिष पुण्याचा, त्याचा रूममेट. त्यांच्याबरोबर देवयानी, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी, लोकसंख्येचा अभ्यास करणारी. मी ज्याला घर समजत होतो त्याला शास्त्रात 'बेबी बूम' म्हणतात हे मला तिच्याकडून कळलं.

"तुम्ही एकत्र बसून जेवता?" मार्लीनने विचारलं.

"रोज," अवधूत म्हणाला.

निमिष छताकडे बघायला लागला.

"छान. टेबल न्या. फळ्या मात्र आत्ता देणार नाही. माणसं जास्त असतील तेव्हा सांगा, मी घेऊन येईन."

"हो, हो. या ना एकदा जेवायला."

मित्रांनो, तुमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'बराय, निघतो' असा आहे हे मला नंतर समजलं. मार्लीनने पर्समधून डायरी काढली.

"कधी?"

अवधूतला हा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. "कधीही," तो म्हणाला.

"सप्टेंबरचा दुसरा गुरुवार? सहा वाजता?" तिने लिहूनही टाकलं.

त्यांनी मला कॅम्पसच्या बसमध्ये चढवायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरने पाहिलं आणि फक्त "नो" म्हटलं. मग दीड मैल उचलून. "हळू, यार, माझी बोटं आहेत त्यात," "मग बोटं काढ ना," असं करत मी या तळमजल्यावर पोचलो.

आणि मग काय? माझ्यावर प्रिंटर आला. वीस पौंडांची तांदळाची पिशवी आली. चहाच्या कपांची वर्तुळं उमटली. अवधूत पलंगावर जेवायचा, लॅपटॉपकडे बघत. निमिष जेवायचा ओट्याशी, उभ्याने, फोनवर बोटं फिरवत. त्याला पाहिलं की माझ्या जुन्या सांध्यांत कळ यायची.

गुरुवार उजाडला. पाच वाजून दहा मिनिटांनी अवधूतचा फोन वाजला.

"मी निघतेय," मार्लीन म्हणाली. "फळ्या गाडीत आहेत. खरं सांगते, बरं झालं तुम्ही बोलावलंत. इथे खोलीत त्या ठेवायला मनाई आहे. उद्या सकाळी ट्रक येतोय. तुम्हाला लागणार असतील तर तुमच्या, नाहीतर ट्रकच्या."

अवधूतने फोन ठेवला. "निम्या, आज गुरुवार आहे?"

"सकाळपासून."

अवधूतने हाक मारली तशी देवयानी धावत खाली आली. "काय आहे घरात?"

"भात. आणि कालची आमटी," अवधूत म्हणाला.

"किती?"

"माझ्यापुरती."

"कमाल आहे रे तुझी! सत्त्याहत्तर वर्षांची बाई फळ्या घेऊन येतेय आणि तू तिला कालची आमटी वाढणार?" तिने आमटीत पाणी वाढवून ती उकळायला ठेवली आणि कॅम्पसवरच्या मराठी मुलांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: अवधूतकडे सहा वाजता जेवण, घरात असेल ते घेऊन या, उशीर करू नका.

बरोबर सहाला बेल वाजली. मार्लीन आली आणि तिने आधी माझ्याकडे पाहिलं. प्रिंटर पाहिला. तांदूळ पाहिले. चहाची वर्तुळं तिने बोटाने मोजली. दुसरं कोणी अजून आलेलं नव्हतं. ज्यांना उशीर करू नका असं सांगितलं होतं ते अजून आंघोळी करत होते.

"तुम्ही म्हणाला होतात, रोज एकत्र जेवता," ती म्हणाली.

अवधूतला सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं मार्लीन म्हणवत नव्हतं. तो म्हणाला, "मार्लीनकाकू, मी खोटं बोललो."

"काकू म्हणजे?"

"काकाची बायको."

"कुठल्या काकाची?"

"तसं काही नसतं. कोणाच्याही."

मार्लीन खुर्चीवर बसली. मला वाटलं, संपलं. फळ्या उद्या ट्रकमध्ये, आणि मी मरेपर्यंत प्रिंटरचा ओटा. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला.

"मीपण," ती म्हणाली.

"काय?"

"खोटं. सहाच्या ठोक्याला सातही जण. जेमतेम दोन वर्षं बसलो असू. मग बाबांनी टेलिव्हिजन आणला. ज्याने त्याने ताट मांडीवर घेतलं आणि टेलिव्हिजनकडे तोंड केलं. दुपारच्या पाळीवाले भुकेजून उशिरा यायचे. आई एकटी या टेबलाशी जेवायची. मी लोकांना साठ वर्षं दुसरंच सांगत आले."

मित्रांनो, मी इतकी वर्षं गप्प होतो. त्या क्षणी मला हलकं वाटलं; अर्थात तेवढ्यात निमिषने तांदळाची पिशवीही उचलली होती.

पावणेसातला बेल वाजली आणि मग थांबलीच नाही. ग्रुपमधली इशिता गोठवलेल्या पोळ्यांचं पाकीट घेऊन आली. कोणी श्रीखंड आणलं, कोणी नुसतं लोणचं, एकाने कोक आणला आणि तेवढ्यावर तो तीन पोळ्या जेवणार होता. बघता बघता अकरा जण झाले.

"अरे, बसायचं कुठे?" देवयानी म्हणाली.

मार्लीन उठली. "दोघांनी ही बाजू धरा. दोघांनी ती. ओढा."

चाळीस वर्षांनी मी उघडलो. मोठा आवाज झाला. इशिता दचकून म्हणाली, "मोडलं का?" मोडलो नव्हतो. पहिली फळी बसली, दुसरी बसली. तिसरीला मार्लीनने तळहाताने दोन फटके मारले तेव्हा ती बसली. मी उन्हाने फिका पडलेलो, फळ्या मात्र कपाटातल्या अंधारात राहून मधासारख्या गडद. मधोमध गडद पट्टा पडला. देवयानी म्हणाली, "माझ्या प्रबंधातला आलेख सेम असा दिसतो. हा पट्टा म्हणजे काकू आणि कंपनी."

"आम्ही फारच झालो होतो," मार्लीन म्हणाली. "जिथे जाऊ तिथे गर्दी. आम्हाला वाटायचं, जगच भरलेलं असतं."

वरच्या मजल्यावरून खुर्च्या आल्या आणि सगळे बसले. पोळ्या, लोणचं, पाणी वाढवलेली आमटी. अकरा जण, बाराव्या मार्लीनकाकू. कोपर कोपराला लागत होतं आणि तीन जण एकाच वेळी बोलत होते. एक खुर्ची तेवढी रिकामी होती. निमिष ताट घेऊन ओट्याशी उभा होता, एका हाताने फोन बघत.

मार्लीनचा घास हातातच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती. किती वेळ, ते मला माहीत आहे. तेवढाच वेळ ती पूर्वीही एकदा बघत राहिली होती आणि शेवटी मान खाली घालून जेवली होती.

"निमिष," ती म्हणाली, "इथे ये. बस. जागा आहे."

"नको काकू, मला सवय आहे असंच…"

"माहीत आहे. बस."

तो येऊन बसला. तिने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि काही वेळ उगाचच ते ताट सरळ करत राहिली. निघताना तिने फळ्यांचा विषय काढला नाही. त्या माझ्यातच आहेत. दुसऱ्या दिवशी ट्रक आला असेल तर रिकामा गेला असेल.

आता शेवटचं. एका मोठ्या पिढीचा भार मी वाहिला, तिची उपासमार सोडून सगळं पाहिलं, आणि आता या पोरांची जेवणं बघायची माझी तयारी आहे. त्याबद्दल मला काही नको. फक्त निमिष बसला तेव्हा मी डुगडुगलो आणि श्रीखंडात आमटी सांडली. बॉयरांच्या घरी माझ्या त्या पायाखाली खाऊच्या खोक्याचा पुठ्ठा असायचा, तो तिथेच राहिला. तर कोणीतरी एक पुठ्ठा घ्या, चार घड्या घाला, आणि सरकवा.

मागचा डावा. नाही, तो उजवा झाला.