अंबर जास्त झालंय

डोंगरातल्या गुलाबांच्या गावाहून रय्या समुद्रकाठच्या मिरबातला सून म्हणून आली, त्या पहिल्याच संध्याकाळी सासूनं तिला बायकांच्या घोळक्यात उभं केलं आणि धुमसतं धुपाटणं तिच्या झग्याखाली सरकवलं. लोबानाचा लोट पोटऱ्यांपासून चढत गळ्याशी बाहेर पडला. रय्याला ठसका लागला, डोळ्यांना धार लागली, आणि तोंडावर हात धरून ती अंगणात पळाली. मागून सासू, तुफूल, पाहुण्यांना शांतपणे म्हणाली, "डोंगरातली आहे. नाक अजून वाढायचंय तिचं."

बायका हसल्या. ते हसू रय्यानं कधी माफ केलं नाही.

तिचे वडील गुलाबपाणी काढायचे. सासरी देण्यासाठी तिनं आणलेल्या बाटल्या तुफूलनं एकामागून एक शेळ्यांच्या गोठ्यात रिकाम्या केल्या. गोठ्याचा वास तरी कमी होईल, म्हणाली. तेव्हापासून रय्याचं नावच 'गुलाबपाणी' पडलं. गुलाबपाणी, निखारे आण. गुलाबपाणी, दार लाव, धूर जातोय बाहेर. सकाळी लोबान, दुपारी ऊद, संध्याकाळी कपड्यांना अंबर. उशीला वास, भाकरीला वास. रय्या खिडक्या उघडायची, तुफूल बंद करायची. नवरा मुसल्लम बापाबरोबर होडीवर असायचा. घरी आला की दोघींचं ऐकून घ्यायचा, पहाटे समुद्रावर निघून जायचा आणि सुटायचा.

मग एका दुपारी सासरा बखीत जाळं दुरुस्त करायला बसला आणि बसल्या जागीच गेला.

तुफूलची इद्दत, विधवेच्या शोकाची मुदत, सुरू झाली. ती आतल्या खोलीत बसली. मुदत संपेपर्यंत तिला काजळ नाही, मेंदी नाही, सुगंधाला शिवायचं नाही. पण भेटायला येणाऱ्या बायकांना त्या घरातून धूर दिल्याशिवाय कधी कुणी पाठवलं नव्हतं. तुफूलनं धुपाच्या पेटीची किल्ली चटईवर फेकली. रय्यानं ती वाकून उचलली.

पहिल्या दिवशी तिनं लालभडक निखाऱ्यावर उदाचे तुकडे टाकले. काळा, कडवट धूर उठला. बायकांनी ओढण्या नाकाला लावल्या. आतून तुफूलचा आवाज आला, "अगं, नवरा मेलाय माझा. घर पेटवायला नाही सांगितलं."

कोणी हसलं नाही, पण रय्याचे कान तापले. दुसऱ्या दिवशी तिनं निखाऱ्यावर राख धरू दिली आणि मगच तुकडा ठेवला. तरी आतून टोमणा आलाच. त्यानंतर रोज आला. ऊद ओला आहे. लोबान आधी का टाकलास. झाकण कशाला उघडतेस सारखं. म्हातारीला बोलायला जागाच ठेवायची नाही, या एका हट्टानं रय्या शिकत गेली. मन लावून नव्हे, दात-ओठ खाऊन.

पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला अंबराचा राखी खडा होता. देवमाशाच्या पोटातून आलेला तो खडा बखीतला कधीतरी किनाऱ्यावर सापडला होता. रय्यानं हुंगला तर ओहोटीचा चिखल आणि गुरांचं शेण. या घाणीसाठी माझी गुलाबं गोठ्यात गेली, असं तिच्या मनात आलं. आपण याला भीत नाही हे स्वतःलाच दाखवायला तिनं खड्याचा चुरा कोमट तेलात विरघळवला आणि मनगटावर चोळून झोपली.

सकाळी कणीक मळताना तिला कसलातरी वास आला. उबदार, खारट, किंचित गोड; उन्हात वाळलेल्या अंगासारखा. तिनं चुलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग पिठाचा हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. आपल्याला हे आवडतंय हे कळल्यावर तिला रागच आला. दुपारपर्यंत ती मनगट हुंगत राहिली.

मग तिनं लोबान कमी केला, अंबर वाढवलं. धूर जड झाला, बायकांच्या केसांत मुक्काम करू लागला. शेजारची एकजण जाताना मोठ्यानं म्हणाली, की या घरचा धूर इतका चांगला कधीच नव्हता. आत तुफूलनं ते ऐकलं. संध्याकाळी तिनं दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या गेल्यावर रय्यानं धुपाटणं उचललं आणि त्या दाराशी नेऊन ठेवलं. आपण काय करतोय हे तिला नीट माहीत होतं. फडकं वाळलं होतं. धूर फटीतून आत शिरताना तिनं पाहिला.

 आतून तुफूल हलकेच बोलली, "रय्या. हलव ते."

या घरात तिच्या तोंडून स्वतःचं नाव रय्या पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं धुपाटणं हलवलं, पण लगेच नाही.

मुदत संपली तशी तुफूलनं अंघोळ केली, नवे कपडे घातले आणि बैठकीत येऊन किल्ली मागितली. रय्यानं किल्ली दिली आणि पेटवलेलं धुपाटणंही समोर ठेवलं. तुफूलनं डोळे मिटून धूर ओढणीत घेतला. कितीतरी वेळ घेत राहिली.

"अंबर जास्त झालंय," ती म्हणाली.

"मला असंच आवडतं, आत्याबाई."

"तुला?" तुफूलनं डोळे उघडले. "माझ्या नवऱ्याचा खडा संपवून तुला आवड लागली होय?"

"तुम्ही माझ्या बापाचं पाणी शेळ्यांना घातलंत."

 तुफूल पेटी उचलून खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. त्या रात्री मुसल्लम जेवताना म्हणाला, की आता तरी मिटवा. 

महिन्याभरात रय्यानं अंगणापलीकडची खोली घेतली आणि चूलही वेगळी मांडली. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून स्वतःचं अंबर मिळवलं. तुफूलनं शेजारणीकरवी निरोप धाडला, की त्या कोळ्याच्या मालात मेण असतं. रय्यानं खडा तापल्या सुईनं तपासला; मेण खरंच होतं. तिनं तो परत केला आणि दुसरा आणला, पण निरोपाला उत्तर पाठवलं नाही.

संध्याकाळी ती खिडक्या लावून घेते, केस मोकळे सोडते आणि धुपाटण्यावर वाकते. धूर केसांत मुरतो, मानेवरून खाली उतरतो. त्या वेळी दारावर कुणी थाप मारली तरी ती उठत नाही.